आज्ञावलीची बांधणी : चुका आणि अवलंबन

वऱ्हाडांत आज अशीं पुष्कळ घरें आहेत कीं, ज्यांतील एखादा मुलगा किंवा मुलगी पुण्यास संगणकाच्या कामावर आहे. रात्रीं आई फोनवर विचारते, "जेवला कां रे बापू ?" तिकडून उत्तर येतें, "नाहीं व माय, बिल्ड तुटलं आहे. तें झालं कीं जेवतो." आई फोन ठेवते व घरच्यांस सांगते कीं, पोराचें कांहींतरी तुटलें आहे. काय तुटलें, कोणीं तोडलें, व तें जोडण्यास इतका वेळ कां लागतो, हें तिला कोणींच सांगितलेलें नसतें.

आमच्या विद्यार्थ्यांच्या कानींहि हा शब्द संगणकाच्या तासाला वारंवार पडतो. म्हणून मुलांस धडा व पालकांस खुलासा, अशा दुहेरी हेतूनें हा लेख आम्ही लिहीत आहों. यांतील कोणतीहि गोष्ट समजण्यास गणिताची मोठी तयारी लागत नाहीं. ज्यानें स्वयंपाकघर व कापसाचें जिन पाहिलें आहे, त्याची तयारी पुरेशी आहे.

बांधणी म्हणजे काय ?

संगणकास मराठी कळत नाहीं, व इंग्रजीहि कळत नाहीं. त्याच्या प्रोसेसरला शून्य व एक या दोन खुणांनीं लिहिलेल्या ठराविक आज्ञाच तेवढ्या कळतात. असल्या आज्ञा हातानें लिहिणें अत्यंत कष्टाचें व चुकांना जागा देणारें काम होय. म्हणून माणसास वाचतां येईल अशा भाषेंत आज्ञावली लिहावयाची, व तिचें यंत्रभाषेंत रूपांतर दुसऱ्या एका आज्ञावलीकडून करवून घ्यावयाचें, अशी युक्ति निघाली. या रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस 'कंपायलर' म्हणतात. अमेरिकेंत ग्रेस हॉपर या विदुषीनें १९५२ सालीं 'ए-०' नांवाची अशा प्रकारची एक आरंभींची आज्ञावली तयार केली. पुढें १९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं 'फोर्ट्रान' या भाषेचा कंपायलर आय.बी.एम. कंपनीच्या यंत्राकरितां सिद्ध केला, आणि हा मार्ग रूढ झाला.

मोठी आज्ञावली एका फायलींत मावत नाहीं. तिच्या शेंकडों, प्रसंगीं हजारों फायली असतात. प्रत्येक फाईल कंपायलरमधून काढावयाची, निघालेले तुकडे जोडावयाचे, त्यांत इतरांनीं आधींच तयार करून ठेवलेले भाग मिळवावयाचे, व शेवटीं चालविण्याजोगी एक वस्तु हातीं घ्यावयाची. या सर्व खटाटोपास 'बिल्ड', म्हणजे बांधणी, असें नांव आहे. वऱ्हाडी वाचकास हें सहज उमजेल. शेतांतून आलेला कापूस जिनांत जातो. तेथें सरकी निराळी होते व रुई निराळी. रुईची प्रेसमध्यें गांठ बांधली जाते, गांठ गिरणींत जाते, सूत निघतें, व मग कापड होतें. कोणी म्हणेल कीं, जिन टाळून कापूस एकदम मागावर चढवूं, तर तें व्हावयाचें नाहीं. बांधणी तुटली म्हणजे या वाटेवर कोठें तरी एक टप्पा अडला, व त्याच्या पुढचे सर्व टप्पे हातावर हात ठेवून बसले, एवढाच त्याचा अर्थ.

पहिली चूक आधीं

कंपायलर हा कठोर परंतु प्रामाणिक परीक्षक आहे. 'सी' भाषेंत विधान संपलें कीं अर्धविराम द्यावा लागतो. तो विसरला तर कंपायलर तक्रार करतो. पण त्या तक्रारींत पुष्कळदां पुढच्याच ओळीचा क्रमांक असतो. नवशिका विद्यार्थी ती ओळ पाहतो, तेथें त्याला कांहींच वावगें दिसत नाहीं, व तो यंत्रावर रागावतो. असें कां होतें ? विरामचिन्ह गाळलेलें वाक्य वाचतांना तें अजून संपलेलें नाहीं असेंच आपण समजतों, व पुढच्या वाक्याचा शब्द विसंगत लागला म्हणजे थबकतों. चूक मागें असते, ठेंच पुढें लागते. कंपायलरचेंहि तसेंच आहे. यास्तव दाखविलेल्या ओळीवर दोष नसेल, तर तिच्या मागची ओळ पाहावी.

दुसरी गोष्ट अशी कीं, एका चुकीपोटीं तीस तक्रारी जन्मतात. एखाद्या नांवाची घोषणाच चुकली, तर तें नांव जेथें जेथें येईल तेथें तेथें कंपायलर "हें कोण ?" असें विचारीत सुटतो. तीस चुका पाहून मुलाचा धीर खचतो. पण वस्तुतः चूक एकच असते. म्हणून नियम असा : यादी वरून वाचावी, पहिली तक्रार पुरी वाचावी, तेवढीच दुरुस्त करावी, व पुन्हां बांधणी करून पाहावी. पडद्यावर डोळ्यांसमोर शेवटची तक्रार असते, त्यामुळें तिच्यापासून आरंभ करण्याचा मोह होतो, तो आवरावा. तसेंच एका वेळीं पांच ठिकाणीं फेरफार करूं नये. तसें केल्यास कोणत्या औषधानें रोग बरा झाला, हें कळत नाहीं.

नांव आहे, माणूस नाहीं

कधीं कधीं प्रत्येक फाईल बिनतक्रार पार पडते, आणि तुकडे जोडतांना मात्र काम अडतें. याचें कारण असें कीं, अमुक काम दुसरीकडे केलेलें आहे, असें नुसतें वचन दिलें तरी कंपायलर त्यावर विश्वास ठेवतो. जोडणी करणारा 'लिंकर' मात्र ती वस्तु प्रत्यक्ष मागतो. लग्नाच्या यादींत आचाऱ्याचें नांव आहे, म्हणून यादी तपासणाऱ्याचें समाधान होतें. परंतु लग्नाच्या दिवशीं चुलीपाशीं आचारीच नाहीं, असा हा प्रकार होय. अशा वेळीं आपलीच फाईल पुन्हां पुन्हां वाचण्यांत अर्थ नाहीं. ज्या लायब्ररींत तें काम केलेलें आहे ती आणली आहे काय, व तींतील नांव अक्षरशः तेंच आहे काय, हें पाहावें. चुकीचा प्रकार ओळखणें म्हणजे अर्धी दुरुस्ती होय.

असल्या चुका नवशिक्यांच्याच हातून होतात, असें मात्र कोणीं समजूं नये. गूगल कंपनींतील नऊ महिन्यांतल्या २ कोटि ६६ लक्ष बांधण्यांचा अभ्यास २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. कामावर वाकबगार माणसें होतीं. तरीहि तक्रारींत सर्वांत अधिक भरणा अवलंबनाच्या चुकांचा, म्हणजे हवी ती वस्तु नाहीं किंवा सांपडत नाहीं अशांचा, आढळून आला. तेव्हां अवलंबनाचा विचार अधिक बारकाईनें केला पाहिजे.

आधीचें आधीं

एक काम दुसऱ्यावाचून सुरू होत नसेल, तर पहिलें दुसऱ्यावर अवलंबून आहे, असें म्हणतात. पुरणपोळीचें उदाहरण घेऊं. डाळ शिजण्यास ४० मिनिटें, पुरण शिजवून वाटण्यास ३०, कणीक मळून मुरण्यास ४५, कटाच्या आमटीस २५ व पोळ्या लाटून भाजण्यास ६० मिनिटें लागतात, असें समजूं. पुरण डाळीवर अवलंबून आहे. आमटीहि डाळीवर, कारण कट डाळीचाच निघतो. पोळी पुरण व कणीक या दोहोंवर अवलंबून आहे. कणीक कोणावरच अवलंबून नाहीं.

एकट्या बाईनें एकामागून एक कामें केलीं, तर एकंदर २०० मिनिटें लागतील. दोघी असल्या तर काय होईल ? पहिली डाळ, पुरण व पोळी हीं कामें ४०, ३० व ६० मिळून १३० मिनिटांत उरकील. तेवढ्यांत दुसरीची कणीक ४५ मिनिटांत होईल, व तोंपर्यंत डाळ शिजलेली असल्यामुळें आमटीहि ७० व्या मिनिटास तयार होईल. म्हणजे २०० चीं १३० झालीं. आतां चौघी आल्या तर ६५ होतील काय ? नाहीं. १३० च राहतील. कारण डाळ, पुरण व पोळी ही सांखळी कोणासहि तोडतां येत नाहीं. आधींचें झाल्यावांचून पुढचें होत नाहीं, आणि सर्वांत लांब सांखळीच्या खालीं वेळ उतरत नाहीं.

संगणक हेंच करतो. कोणत्या फायलीस कोणती फाईल आधीं लागते, याचा नकाशा तो काढतो. ज्यांना कोणाचीहि वाट पाहावी लागत नाहीं तीं कामें प्रथम हातीं घेतो. तीं संपलीं कीं त्यांच्यावर अवलंबून असलेलीं मोकळीं होतात, व असें करीत शेवटास पोंचतो. ही क्रम लावण्याची रीत ए. बी. कान यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केली. जीं कामें एकमेकांवर अवलंबून नाहींत तीं निरनिराळ्या प्रोसेसरांकडे एकाच वेळीं सोंपवितां येतात. पुणें येथें १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेनें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, तो याच तत्त्वावर. त्यांत अनेक प्रोसेसर एका कामास जुंपलेले होते. त्या कार्याचे धुरीण डॉ. विजय भटकर यांचा जन्म १९४६ सालीं आपल्याच अकोला जिल्ह्यांत, मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा या खेड्यांत झाला, हें आमच्या मुलांनीं लक्षांत ठेवावें. अनेक हातांनीं काम वांटून करावयाचें तर कोणतें काम कोणावर अवलंबून आहे हें आधीं कळलें पाहिजे; एरवीं हात वाढतात, काम वाढत नाहीं.

एका सकाळची गोष्ट

बांधणीचें काम आपोआप करणारें एक जुनें व प्रसिद्ध साधन 'मेक' हें होय. तें स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत लिहिलें. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांनीं आपल्या आज्ञावलींतील एक दोष दुरुस्त केला होता. पण दुरुस्त केलेली फाईल पुन्हां कंपायलरमधून काढावयाची राहिली. जोडणींत जुनाच तुकडा आला. आज्ञावली बरोबर असूनहि तींत दोष शोधण्यांत त्यांची सगळी सकाळ वायां गेली, व ते संतापून फेल्डमन यांच्या खोलींत आले. त्यांतून 'मेक'ची कल्पना निघाली.

'मेक'ची रीत साधी आहे. मूळ फाईल व तिच्यापासून झालेला तुकडा यांच्या वेळा तें ताडून पाहतें. मूळ अधिक ताजें असेल तर तुकडा शिळा ठरतो, व तेवढाच पुन्हां केला जातो. बाकीच्यांस हात लावला जात नाहीं. पण या साधनास अवलंबनाची यादी खरी द्यावी लागते. यादींत एखादें नातें लिहावयाचें राहिलें, तर तुकडा शिळा झाला तरी तें त्यास ताजाच समजतें. म्हणून चूक समजेनाशी झाली म्हणजे जाणते लोक पूर्वीचे सर्व तुकडे पुसून टाकतात व मुळापासून बांधणी करतात.

याच साधनाची आणखी एक गोष्ट बोधप्रद आहे. त्याच्या यादींत आज्ञेच्या ओळीचा आरंभ 'टॅब' या चिन्हानें व्हावा लागतो. साध्या मोकळ्या जागा चालत नाहींत. डोळ्यांस दोन्ही सारखींच दिसतात, त्यामुळें असंख्य लोक तेथें अडखळले. ही अडचण फेल्डमन यांस लवकरच कळली होती. पण तोंवर डझनभर मित्र तें साधन वापरूं लागले होते, व त्यांची अडचण करूं नये म्हणून त्यांनीं तें तसेंच ठेवलें. बारा माणसांच्या सोयीकरितां राहिलेली खोड पुढें जगभर पसरली. चूक लहान असतांनाच सुधारावी, हें यापेक्षां चांगलें कोण सांगेल ?

आधीं सरकी कीं आधीं कापूस ?

क ख वर अवलंबून आहे, ख ग वर, आणि ग पुन्हां क वर, असें झालें तर कोणतेंच काम सुरू होत नाहीं. यास वर्तुळ म्हणतात. तें दिसलें कीं साधन काम थांबवितें किंवा तें वर्तुळ कोठें तरी सोडून देऊन सूचना करतें. उपाय बहुधा असा असतो कीं, दोघांस लागणारा समाईक भाग काढून त्याची तिसरी निराळी फाईल करावयाची, म्हणजे दोघेहि तिच्यावर अवलंबून राहतात, एकमेकांवर नाहीं.

एक वर्तुळ मात्र मोठें मौजेचें आहे. 'सी' भाषेचे कंपायलर खुद्द 'सी' भाषेंतच लिहिले गेले. मग पहिल्याचें रूपांतर कोणीं केलें ? याचें उत्तर आपल्या शेतांत आहे. कापसावांचून सरकी नाहीं, व सरकीवांचून कापूस नाहीं. तरी पूर्वीं शेतकऱ्याची पेरणी अडत नसे, कारण तो गतवर्षाची सरकी बियाण्यास राखून ठेवी. तसेंच येथें होतें. आधींच्या एखाद्या साध्या कंपायलरनें नवा बांधावयाचा, व मग नव्यानें त्याच्या पुढचा. आज चालू असलेला प्रत्येक कंपायलर कालच्या बियाण्यापासून उगवलेला आहे. या विद्येचा अभ्यास आपल्याकडेहि चालतो. मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें प्रा. उदय खेडकर यांनीं 'जी.सी.सी.' या प्रख्यात कंपायलरच्या अंतरंगाचें अध्ययन व अध्यापन केलें आहे.

परक्याच्या घरची वस्तु

आजची आज्ञावली बव्हंशीं दुसऱ्यांच्या लायब्ऱ्यांवर उभी असते, व त्या लायब्ऱ्या आणखी तिसऱ्यांच्या लायब्ऱ्यांवर. २०१६ च्या मार्च महिन्यांत 'लेफ्ट-पॅड' नांवाची एक चिमुकली लायब्ररी तिच्या कर्त्यानें सार्वजनिक कोठारांतून काढून घेतली. ती अवघ्या ११ ओळींची होती. मजकुराच्या डावीकडे ठराविक जागा भरणें, एवढेंच तिचें काम. पण तिच्यावर अवलंबून असलेल्यांवर अवलंबून असलेले इतके होते कीं, जगांतील असंख्य बांधण्या एकाएकीं अडल्या. कांहीं तासांत ती परत ठेवण्यांत आली. अनेकांस आपण तिच्यावर विसंबून होतों, हें त्या दिवशींच प्रथम कळलें.

दुसरी अडचण आवृत्त्यांची. दोन लायब्ऱ्यांस तिसरी एकच हवी असते, पण एकीस जुनी आवृत्ति हवी व दुसरीस नवी. एकाच पातेल्यांतील पुरण एकीला गुळाचें हवें, दुसरीला साखरेचें, तर दोघींचें समाधान कसें व्हावें ? अशा वेळीं दोघींसहि चालेल अशी आवृत्ति शोधावी लागते. ती मिळाल्यावर तिचा नेमका क्रमांक लिहून ठेवावा, म्हणजे उद्यां दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या माणसाच्या हातूनहि तेंच फळ निघेल. "माझ्या यंत्रावर तर चालतें" हें उत्तर या धंद्यांत उत्तर समजलें जात नाहीं.

शांत केलेली तक्रार

मोठ्या संस्थांत कोणींहि फेरफार केला कीं एक स्वतंत्र यंत्र आपोआप सर्व बांधणी मुळापासून करून पाहतें, चांचण्या चालवितें, व कांहीं तुटलें तर तात्काळ कळवितें. बांधणी तुटली असतां त्यावर आणखी काम रचूं नये, व ज्याच्या फेरफारानें ती तुटली त्यानें ती आधीं नीट करावी, असा रिवाज आहे. फोनवरचा तो मुलगा जेवावयाचा थांबतो, तो याकरितां. त्याच्या मागें दुसरे खोळंबलेले असतात.

पण नीट करणें आणि गप्प करणें यांत भेद आहे. तो आम्हांस आमच्याच वर्गांत शिकावयास मिळाला. एका स्नेहसंमेलनाच्या वेळीं बक्षिसांची यादी काढण्याकरितां विद्यार्थ्यांनीं एक आज्ञावली लिहिली होती. गुणांचें कोष्टक आज्ञावलींतच लिहिलें होतें. आदल्या रात्रीं बांधणी तुटली. तक्रार अशी होती कीं, अमुक जागीं संख्या पाहिजे, तेथें शब्द आहे. तो शब्द होता 'गैरहजर'. रात्र झालेली, सर्व मुलें दमलेलीं. एका हुशार मुलानें तो शब्द काढून तेथें शून्य लिहिलें. बांधणी झाली, सर्वांनीं टाळ्या वाजविल्या, व आम्हीहि "शाबास" म्हणालों.

सकाळीं यादी वाचीत असतां एका मुलीचें नांव तींत नाहीं, हें आमच्या ध्यानीं आलें. ती एका विषयाच्या वेळीं तापानें आजारी होती, व रजेवर असलेल्या विद्यार्थ्याचें मूल्यमापन उरलेल्या विषयांच्या सरासरीवर करावें, असा आमचा नियम होता. शून्य धरल्यामुळें ती मुलगी यादींतून सरळ बाहेर पडली होती. आम्ही कांहीं विचारण्यापूर्वींच तो मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, रात्रीं तें शून्य मीं घातलें." बांधणी पुन्हां झाली, नियम आज्ञावलींत लिहिला गेला, व दुपारीं त्या मुलीस तिचें बक्षीस मिळालें. त्या मुलानें शून्य घातलें, ही त्याची चूक. न विचारतां शाबासकी दिली, ही आमची. कंपायलर तर रात्रींच योग्य प्रश्न विचारून गेला होता : जी मुलगी परीक्षेस नव्हती तिला किती गुण द्यावयाचे, हें तुम्ही ठरविलें आहे काय ? आम्ही त्याला उत्तर न देतां त्याचें तोंड बंद केलें.

तेव्हांपासून आमच्या वर्गांत रीत पडली आहे कीं, तक्रार दूर झाल्यावर ती कां झाली होती हें एका वाक्यांत वहींत लिहावयाचें. तें लिहितां येत नसेल, तर दुरुस्ती झालेली नाहीं असें समजावयाचें.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, यापुढें मुलगा "बिल्ड तुटलं" म्हणाला, तर "कोणत्या टप्प्यावर ?" असें विचारून पाहावें. समजावून सांगतां सांगतां त्याला स्वतःलाच ती चूक सांपडण्याचा संभव बराच आहे. मग त्यास जेवावयास सांगावें.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. वरील पुरणपोळीच्या उदाहरणांत आमटीस २५ ऐवजीं १०० मिनिटें लागलीं, व हात हवे तितके असले, तर एकंदर किती वेळ लागेल ? सर्वांत लांब सांखळी आतां कोणती झाली ?

२. आपल्या घरच्या पोळ्याच्या सणाच्या तयारीची यादी करा. कोणतें काम कशावर अवलंबून आहे तें बाणांनीं दाखवा, व कोणतीं कामें एकाच वेळीं करतां येतील तें सांगा.

३. एकाच चुकीपोटीं अनेक तक्रारी कां येतात, हें आपल्या शब्दांत लिहा.

४. एखादी तक्रार 'गप्प करणें' व 'दूर करणें' यांतील भेद संगणकाबाहेरच्या एका उदाहरणानें स्पष्ट करा.